डावललेल्या सिनेमांचं कोर्ट

माझी नात अन्वी ठाण्याला विसाव्या मजल्यावर राहते आणि दरवर्षी सिनेमांच्या बक्षिसांची यादी जाहीर झाली की दोन दिवस घरात कुणाशी धड बोलत नाही. "आजी, कसला पकाऊ सिनेमा जिंकलाय बघ! आणि ज्याला मिळायला पाहिजे होतं त्याचं यादीत नावसुद्धा नाही!" असं म्हणून ती सोफ्यावर मांडी ठोकून बसते आणि फोनवर अनोळखी माणसांशी भांडायला लागते. परवा मी सहज विचारलं, "तू पाहिलास का गं तो, डावललेला?" तर म्हणाली, "ट्रेलर पाहिलाय. आणि रिव्ह्यू सगळे वाचलेत." मी तोंडात बडीशेप टाकली आणि गप्प बसले. सुनेला वाटलं, आई किती समजूतदार झाल्यात. समजूतदार कसली? या विषयात मी एकदा अशी काही तोंडघशी पडले आहे की त्यानंतर कुठल्याही सिनेमाला न्याय मिळो न मिळो, मी मध्ये पडत नाही. ती हकिगत आता लिहून टाकते. त्यातली बहुतेक माणसं रागवायला शिल्लक नाहीत, आणि मुख्य आरोपी मीच असल्यामुळे माझी कुणाकडे तक्रारही नाही.

आम्ही तेव्हा डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला म्हात्र्यांच्या एकमजली इमारतीत वर राहत होतो. दोन खोल्या, बाहेर लांब गॅलरी, आणि गॅलरीतून पाहिलं की म्हात्र्यांचं जुनं कौलारू घर, त्यांच्या म्हशी आणि पलीकडे खाडीपर्यंत पसरलेली त्यांची मिठागरं. नाना, म्हणजे माझे वडील, ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. आठवड्याचे सहा दिवस त्यांनी वकिलांची भाषणं ऐकायची, न्यायाधीशांसमोर फायली सरकवायच्या, आणि तोंडातून "जी साहेब" खेरीज काही काढायचं नाही. एवढं सगळं पोटात साठवून माणूस घरी येतो तेव्हा ते कुठेतरी बाहेर पडतंच. नानांचं ते रविवारी सकाळी बाहेर पडे. आमच्या बाहेरच्या खोलीत "रसिक मंडळ" भरे आणि नाना त्याचे न्यायाधीश असत.

इतर लोकांची मंडळं सिनेमा दाखवतात. आमचं मंडळ सिनेमावर खटला चालवी. वर्षातून एकदा सरकारी बक्षिसांची यादी पेपरात आली की नाना ती कात्रीने कापून पुठ्ठ्यावर चिकटवत आणि पुढच्या रविवारी "फेरसुनावणी" होई. ज्याला वाटतं की अमक्या सिनेमावर अन्याय झाला, त्याने रीतसर अर्ज लिहायचा, त्या सिनेमाची बाजू मांडायची. पेंडसेकाका बँकेत होते, आणि समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीला नकार देण्याची त्यांना नोकरीतूनच सवय झालेली, म्हणून ते कायमचे विरुद्ध पक्षाचे वकील. शाळेतले दोन निवृत्त मास्तर नानांच्या डाव्या-उजव्या हाताला पंच म्हणून बसत आणि बहुधा कोथिंबीरवडी येईपर्यंत डोळे मिटून घेत. शेवटी नाना निकाल वाचत, "सबब सदर चित्रपटास सर्वोत्कृष्ट ठरवण्यात येत आहे," आणि त्या निकालाची एक प्रत बिचाऱ्या दिग्दर्शकाला टपालाने जाई. इतक्या वर्षांत एकाही दिग्दर्शकाचं उत्तर आलं नव्हतं. त्यात त्यांची चूक काय?

नानांच्या कोर्टाचा एकच कडक नियम होता. ऐकीव पुरावा चालणार नाही. ज्याने सिनेमा स्वतः पाहिला त्यानेच बोलायचं, आणि पाहिल्याची खूण म्हणून थिएटरात फाडून परत दिलेलं अर्धं तिकीट अर्जाला टाचणीने टोचायचं. नाना ते तिकीट चष्म्याजवळ नेऊन वार, तारीख, खेळ, रांग, सगळं मोठ्यांदा वाचून दाखवत, मगच तोंड उघडायची परवानगी. तिकीट हरवलं म्हणून पेंडसेकाकांना एकदा अख्खा खटला मूग गिळून ऐकावा लागला होता आणि त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे चहासुद्धा घेतला नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. दोन वेण्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि डोक्यात पुरवण्यांमधून वेचलेले शब्द. "आशयघन", "अभिव्यक्ती", "अवकाश". आरशात बघून वेणी घालतानाही मी मनातल्या मनात परीक्षकांना फैलावर घेत असे. आज ती मुलगी माझ्यासमोर आली तर मी तिला आधी वाल सोलायला बसवीन. पण नानांना तिचा केवढा अभिमान! "आमची शैला कोर्टात उभी राहिली तर भल्याभल्यांना पाणी पाजेल," असं ते पेंडशांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणत आणि मी ते ऐकूच आलं नाही असं दाखवत गॅलरीत जाऊन उभी राही.

या सगळ्यात आई स्वयंपाकघरात असे. स्टोव्हची घरघर, कढईत वड्या सोडल्याचा चर्र आवाज, मधूनच पातेल्यावर झाकण आपटल्याचा. मंडळ भांडत असताना तो आवाज मागे चालूच. आईने आयुष्यात मंडळातल्या कुणाहीपेक्षा जास्त सिनेमे पाहिले असतील, कारण नानांचा दुसरा नियम असा की मुलीने एकटीने थिएटरात जायचं नाही, तेव्हा माझ्या प्रत्येक "आशयघन" सिनेमाला आई शेजारी बसलेली. पण तिला कसा वाटला हे विचारायचं नानांच्या मनात कधी आलं नाही, पंचांच्या नाही, आणि माझ्या तर मुळीच नाही. माझी अशी समजूत होती की आई सिनेमाला येते ती तीन तास बसायला मिळतं म्हणून.

आणि हिरामावशी. म्हात्र्यांची हिराबाई, आमची घरमालकीण. काळीसावळी, उंच, नऊवारी गुडघ्याशी खोचलेली, आवाज असा की खाडीपलीकडच्या म्हशींनीही वळून बघावं. तिचा नवरा दामाकाका स्वतःच्या आगरावर, म्हणजे मिठागरावर, स्वतः राबणारा माणूस होता. मालक झाला तरी लांब दांड्याची फळी घेऊन पाण्यात उतरे आणि मीठ ओढे. आमच्या गोष्टीच्या आदल्या उन्हाळ्यात एक दाढीवाला दिग्दर्शक पाच-सहा माणसं आणि एक कॅमेरा घेऊन त्यांच्या आगरावर आला. मिठागरातल्या कामगारांवर सिनेमा काढत होता. दामाकाकांनी त्याला जागा दिली, आगराच्या बांधावर चालायला शिकवलं, शहरातल्या नटांना फळी कशी धरायची ते दाखवलं. तीन दिवस कोपरला दुसरा विषय नव्हता. मग ती माणसं गेली, पाऊसपाणी झालं, आणि थंडीच्या सुरुवातीला दामाकाकांना कावीळ झाली. पंधरा दिवसांत माणूस गेला.

घरात त्याचा एक फोटो नव्हता. लग्नाचा होता, पण त्यात मुंडावळ्यांच्या मागे नवरदेवाचं फक्त नाक दिसे. "आमचे ह्यांना फोटूचा लई कंटाला," हिरामावशी सांगे. "जत्रंला फोटूवाल्यानं हात धरून नेला तरी पलून जात."

आता नशीब बघा. दामाकाका गेले आणि त्याच आठवड्यात तो मिठागरांचा सिनेमा ठाण्याच्या एका थिएटरात लागला. फक्त सकाळचा खेळ, फक्त एक आठवडा. हिरामावशी सुतकात, तिला सिनेमा लागलाय हे कळायचंही कारण नव्हतं. पण मला कळलं होतं. पेंडसेकाकांनी तो पाहिला नव्हता, मास्तरांनी नाही, म्हणजे पुढच्या फेरसुनावणीला तो खटला माझ्या एकटीचा! मी आईच्या मागे भुणभुण लावली. आई म्हणाली, "अगं, म्हात्र्यांकडे सहावा दिवस आहे. काय म्हणतील ती माणसं?" मी म्हणाले, "कला कुणासाठी थांबत नाही, आई." खरोखर म्हणाले. शब्द न शब्द आठवतो, दुर्दैवाने. शेवटी आईने जिना उतरल्यावर हिरामावशीच्या सुनेला सांगितलं की शैलाचा कॉलेजचा फॉर्म भरायला ठाण्याला जातोय, आणि आम्ही गेलो. नानांना रात्री खरं काय ते सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "हिराबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका."

सिनेमा कसा होता? मीठ ज्या वेगाने पिकतं त्याच वेगाने तो पुढे सरकत होता. पहिला भाग मी डोळे ताणून पाहिला, वहीत चार ओळी टिपल्या. मध्यंतरात आईने डब्यातलं थालीपीठ आणि लोणी दिलं. मग दिवे मालवले, डोक्यावर पंखा घरघरत होता, पडद्यावर कुणीतरी बांधावरून चालत होतं, ते चालतच राहिलं, आणि मी झोपले. डुलकी नव्हे. आईच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून, गाढ. जाग आली तेव्हा दिवे लागलेले आणि आई पदराने डोळे पुसत होती. मी चष्मा सरळ केला आणि आईची समजूत घातली, "रडायचं नसतं, आई. हा त्या प्रकारचा सिनेमा नाही." आई म्हणाली, "अगं शैला, शेवटाला—" मी हात वर केला. "नको. मला माझा अनुभव घेऊ दे." आईने डबा पिशवीत घातला आणि म्हणाली, "चल, बस जाईल."

झोपलेल्या भागाची सोय पुढच्याच रविवारी झाली. पुरवणीत परीक्षण आलं. त्यात परीक्षक महाशयांनी दोन स्तंभ भरून लिहिलं होतं की सिनेमाचं सगळं मोठेपण त्याच्या शेवटात आहे. अखेरची दहा मिनिटं पडद्यावर एकही माणूस नाही, नुसती रिकामी आगरं आणि वारा, दिग्दर्शकाने माणूसच पुसून टाकला आहे. मी ते पाठ केलं. छापून आलेलं खोटं असू शकतं ही कल्पनाच मला नव्हती. आज मला खात्री आहे की तो गृहस्थही मध्यंतरानंतर झोपला होता, किंवा बटाटेवडा खायला बाहेर गेला होता. फक्त त्याच्या शेजारी आई नव्हती.

काही महिन्यांनी बक्षिसांची यादी आली. दोन भाऊ भांडतात आणि देवळाच्या पायरीवर एकमेकांच्या गळ्यात पडतात अशा एका सिनेमाला पहिलं बक्षीस. मिठागरवाल्याचं कुठे नाव नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! अन्याय झाला होता. मला हवा होता तसाच झाला होता.

फेरसुनावणीचा रविवार उजाडला. दामाकाका गेल्यापासून हिरामावशी रविवारी सकाळी आमच्याकडे येऊन उंबऱ्यापाशी बसे. "घरान बसवत नाय," एवढंच म्हणे. मंडळाच्या भांडणाकडे तिचं लक्ष नसे. आई तिच्यापुढे भिजवलेले वाल ठेवी आणि ती दोन बोटांनी सोलत बसे. त्या दिवशीही ती होती. मी नवी साडी नेसले होते. पहिलीच. निऱ्या सारख्या सुटत होत्या आणि वक्तृत्वाच्या ओघात मी त्या एका हाताने धरून ठेवत होते.

"अर्जदार शैला," नाना म्हणाले. "तिकीट?"

मी अर्ज पुढे केला. नानांनी तिकीट चष्म्याजवळ नेलं आणि सवयीप्रमाणे खणखणीत आवाजात वाचलं. वार. तारीख. सकाळचा खेळ. रांग अमुक. एवढा कोर्टातला मुरलेला माणूस, पण जे वाचायचं ते वाचून टाकायचं ही सवय इतकी अंगात भिनलेली की उंबऱ्यात कोण बसलंय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही. मी बोलायला सुटले होते.

"या खोलीतल्या आणि त्या परीक्षक मंडळातल्या लोकांमध्ये फरक एवढाच," मी म्हणाले, "की आपल्याला डोळे आहेत!" उजवीकडचे मास्तर जागे झाले. "शेवटची दहा मिनिटं आठवा. पडद्यावर एकही माणूस नाही. फक्त रिकामी आगरं आणि वारा. दिग्दर्शकाने माणूसच पुसून टाकला. हे ज्यांना पेललं नाही त्यांनी देवळाच्या पायरीला बक्षीस दिलं."

"हरकत आहे!" पेंडसेकाका गरजले. "गोष्ट संपली आणि रीळ उरलं, म्हणून रिकामं आगर दाखवलं. त्याला मोठेपण म्हणायचं काय?"

"पेंडसे, तुम्ही पाहिला नाहीये. खाली बसा," नाना म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला जिल्हा न्यायाधीश झाल्यासारखं वाटलं.

"गो शैला," उंबऱ्यातून आवाज आला. "ह्यो आमचे आगरावरला शिनेमा काय गो?"

हिरामावशीने वालाची परात बाजूला सरकवली होती. "तारीक काय बोलले नाना? त्या दिशी तं सहावा दिस व्हता. तुमी फारम भरायला गेल्यात बोललेलात ना?"

नानांनी तिकीट अर्जाखाली सरकवलं, जणू त्यामुळे ते न वाचलेलं होणार होतं. पेंडसेकाका छताकडे बघू लागले. माझ्या हातातून निऱ्या सुटल्या.

"ते जाव दे," हिरामावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त जड गेलं. ती उठून आत आली, मंडळाच्या सतरंजीच्या कडेला उभी राहिली. आजवर ती सतरंजीवर आली नव्हती. "तू पायलास ना? मग मना येकच सांग. आमचे हे दिसतान काय त्यात? त्या दिसी कॅमेरा त्यांच्यावर धरलेला. नंतर ठेवला का काढून टाकला, कोन सांगंल मना? तू पायलास. दिसतान काय गो?"

मला दोन उत्तरं देता येत होती. एक, "मावशी, मी झोपले होते." दुसरं ऐका. हे लिहिताना अजूनही कान तापतात. मी नानांकडे पाहिलं, पेंडशांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "नाही, मावशी. शेवटी कुणीच नाहीये. तेच तर त्या सिनेमाचं मोठेपण आहे."

"कोनीच नाय?"

"कुणीच नाही."

"बरा," ती म्हणाली. "नसंल ठेवला." आणि परत उंबऱ्यापाशी जाऊन बसली. परात ओढली, एक वाल उचलला, आणि तो तसाच बोटांत धरून राहिली.

आत स्टोव्हचा आवाज थांबला. इतका वेळ तो चालू होता हे तो थांबल्यावरच कळलं. आई बाहेर आली. हाताला बेसन लागलेलं, कपाळावर घाम. ती सरळ सतरंजीवरून, पंचांच्या गुडघ्यांमधून चालत उंबऱ्यापर्यंत गेली आणि हिरामावशीच्या समोर खाली बसली.

"आहेत ते, हिराबाई," आई म्हणाली. "शेवटी तेच आहेत. डोक्याला पांढरं फडकं, अंगात ते बाह्या फाटलेलं बनियन. फळी घेऊन मीठ ओढत लांबून येतात, येतात, अगदी जवळ येतात. मग थांबतात, फळी टेकवतात, आणि आपल्याकडे बघून हसतात. तिथेच संपतो."

"अहो," नाना घसा साफ करून म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण घोडा जसा ओळखीच्या रस्त्याला लागतो तसे ते आपोआप त्याच वाटेला लागले. "तुमचं तिकीट?"

"मी तुमच्या कोर्टात आले नाहीये," आई वळूनही न बघता म्हणाली. "मी हिराबाईंशी बोलतेय. आणि तुमची वकीलबाई मध्यंतरानंतर झोपली होती. माझ्या खांद्यावर. पदराला तिची लाळ लागली होती ती धुवायला मला राख लावावी लागली."

डावीकडचे मास्तर हसले. मग उजवीकडचे. पेंडसेकाकांनी हसण्यात जो आवाज काढला तो त्यांनी बहुधा वर्षानुवर्षं याच दिवसासाठी राखून ठेवला असावा. मी स्वयंपाकघरात पळाले आणि तिथे कढईतल्या जळालेल्या वड्यांसमोर उभी राहून रडले. कशासाठी? हिरामावशीसाठी म्हणेन तर पुन्हा खोटं होईल. खटला हरले म्हणून रडले.

बाहेर हिरामावशी आईला विचारत होती, "हसतान? हे? खरा बोलताव?" आणि आई पुन्हा सांगत होती, फडकं, बनियन, फळी, हसू. तिने चार वेळा तरी विचारलं आणि आईने चारही वेळा सगळं सांगितलं. मग आई म्हणाली, "मी आधीच सांगायला हवं होतं. सहाव्या दिवशी सिनेमाला गेलो हे कुठल्या तोंडाने सांगू, म्हणून गप्प बसले. रोज येता-जाता तुम्ही भेटायचात आणि रोज मी खाली बघून जायची." त्यावर हिरामावशीने काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की दोघी वाल सोलायला लागल्या होत्या.

त्या दिवशी निकाल लागला नाही. मंडळी गेल्यावर नानांनी माझा अर्ज फाडला, मग टेबलावरचा एक कोरा कागद घेतला. आयुष्यभर त्यांनी इतरांचे अर्ज नकलून काढले होते. हा त्यांनी स्वतःच्या मनाने लिहिला, त्यांच्या सुबक, उजवीकडे कललेल्या अक्षरात. सर्वोत्कृष्ट वगैरे काही नव्हतं त्यात. अमुक गृहस्थ वारले, त्यांचा फोटो नाही, ते आपल्या चित्रपटात आहेत, पत्नीस पाहण्याची इच्छा आहे. चार ओळी. इतके निकाल पाठवले त्यांना कधी उत्तर नव्हतं. याला आठव्या दिवशी कार्ड आलं: प्रिंट घेऊन माणूस पाठवतो, दिवस कळवा.

त्या दिवसासाठी शाळेचा हॉल मिळाला. दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावल्या. ते काम माझ्याकडे होतं, आणि कुणी काही न बोलता सगळी हलकी कामं माझ्याकडेच येत होती, तेही बरोबरच होतं. समोर पांढरी चादर. म्हात्र्यांच्या भावकीचं अख्खं गणगोत आलं, बायका नव्या लुगड्यांत, म्हातारे हातात काठ्या घेऊन. सुरुवातीला त्यांनी नटाला फळी धरताना पाहिलं आणि सगळा हॉल खदाखदा हसला. "ह्यो मीठ वढतंय का अंगन झारतंय?" कुणीतरी ओरडलं. परीक्षणात जिथे "करुण वास्तव" असं लिहिलं होतं ती ही जागा. मध्यंतरानंतर मात्र कुणी बोललं नाही. मी आईच्या आणि हिरामावशीच्या मागच्या बाकावर होते. झोप येऊ नये म्हणून मी स्वतःला चिमटे काढत होते. येणार कशाने? मला भीती होती की आईला चुकीचं आठवत असेल तर?

मग शेवट आला. आगर, उन्हात चकाकणारं पाणी, आणि लांबवर एक ठिपका. ठिपका हलत होता. जवळ येत होता. पांढरं फडकं दिसलं. बनियन दिसलं. म्हात्र्यांच्या बाकांवर एक हुंकार उठला आणि थांबला. दामाकाका फळी ओढत चादरीवरून आमच्याकडे येत राहिले, मोठे होत गेले, पार छातीपर्यंत, चेहऱ्यापर्यंत. थांबले. फळी टेकवली. सरळ समोर बघितलं आणि हसले. सगळे पुढचे दात दाखवून, ओळखीचं, घरातलं हसू.

हिरामावशी उठली. बाकांमधून पुढे गेली. मशीनच्या उजेडात तिची सावली चादरीवर पडली आणि दामाकाकांचा अर्धा चेहरा झाकला, तशी ती चटकन बाजूला सरकली, भिंतीला चिकटून उभी राहिली, आणि बघत राहिली. रडली नाही. पदर सारखा केला, एवढंच.

रीळ संपलं, चादर नुसतीच पांढरी झाली. कुणीतरी एक घोंगडी ओढली आणि दुपारचं ऊन आत आलं. सगळे गप्प होते. अशा वेळी गप्प बसावं हे ज्याला कळत नाही असा एक माणूस प्रत्येक रसिक मंडळात असतोच. पेंडसेकाका नानांकडे झुकून, पण हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाले, "आता कळलं बक्षीस का नाही मिळालं. शेवटी माणूस सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. ही चूक आहे. अख्खा परिणाम गेला. परीक्षक काय आंधळे असतात? कॅमेऱ्यात बघायचं नसतं हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं."

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. इतकं होऊनसुद्धा.

हिरामावशी भिंतीपासून वळली.

"सांगितलेला त्यांना," ती म्हणाली. "तो दाढीवाला दहा येला बोलला, कॅमेऱ्यान बघू नका, दामाशेठ. पन त्यांनी कॅमेऱ्यान बघितलाच नाय." तिने चादरीकडे एकदा पाहिलं. "कॅमेऱ्याच्या मागं मी उभी व्हते. त्यांची भाकरी घेऊन."